भूक, दुष्काळ आणि कथानक : जोझुए दि कास्त्रो यांच्या निमित्ताने

जोझुए दि कास्त्रो (१९०८–१९७३) या ब्राझिलियन वैद्यकतज्ज्ञांचा निर्देश सामान्यतः अन्नधोरणाच्या इतिहासात होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भूषविले आणि १९५७ साली भुकेविरुद्ध लढणारी एक जागतिक स्वयंसेवी संघटना स्थापन केली. तौलनिक अभ्यासकाला मात्र प्रथम थांबावे लागते ते त्यांच्या १९४६ च्या ‘भुकेचा भूगोल’ या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेपाशी. आहारशास्त्राचा हा ग्रंथ राकेल दि केइरोझ आणि जोझे अमेरिको दि आल्मेयदा या दोन कादंबरीकारांना अर्पण केलेला आहे. भूक हा सभ्य समाजाने निषिद्ध मानलेला विषय असून तो निषेध प्रथम साहित्यिकांनी मोडला, अशी कास्त्रो यांची धारणा होती.

मूळ शीर्षकातील ‘फोमि’ या पोर्तुगीज शब्दात भूक आणि दुष्काळजन्य उपासमार हे दोन्ही अर्थ सामावतात. मराठी अनुवादकाला येथे निवड करावी लागेल. आणि ही निवड निव्वळ शब्दाची नाही. कास्त्रो यांनी साथीसारखी येणारी भूक आणि कायम वस्तीला असणारी भूक असा भेद केला. केइरोझ यांची १९३० ची ‘ओ किंझे’ ही कादंबरी १९१५ च्या अवर्षणावरची आहे. अवर्षणाला आरंभ असतो, स्थलांतर असते, वाटेवरचे मृत्यू असतात; म्हणजेच आयते कथानक असते. रोजच्या अर्धपोटी जगण्यात असे काहीच घडत नाही. त्याची कादंबरी कशी लिहावी?

१९६४ च्या लष्करी उठावानंतर राजकीय हक्क हिरावले गेलेले कास्त्रो पॅरिसमध्ये विजनवासात राहिले. तेथे त्यांनी स्वतःच हा प्रयत्न केला. ‘माणसे आणि खेकडे’ ही त्यांची कादंबरी १९६६ साली प्रथम फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कथानकाची जागा एक चक्र घेते : रेसिफे शहराच्या खारफुटीतील माणसे खेकडे खातात, त्यांची विष्ठा चिखलात मिसळते, त्या चिखलावर खेकडे पोसतात आणि पुन्हा माणसांच्या ताटात येतात. ही प्रतिमा त्यांनी १९३० च्या दशकातील लेखनातही वापरली होती. कादंबरी म्हणून ही कृती थोर नव्हे; पात्रे विवेचनाच्या ओझ्याखाली दबतात. कृश कादंबरीला स्थूल प्रस्तावना जोडल्याची कबुली कास्त्रो यांनी प्रस्तावनेच्या शीर्षकातच दिली आहे. चक्राची प्रतिमा मात्र टिकून राहिली. १९९४ साली रेसिफेच्याच शिकू सायन्स या गायकाने आपल्या गीतात जोझुएंना नावाने हाक मारली, तीही चिखल आणि खेकड्यांच्याच भाषेत.