अकरा दिवसांचा तह

अमेरिकेने १९३९ साली थँक्सगिव्हिंग दोनदा साजरा केला. नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार त्या वर्षी थेट ३० तारखेला येत होता. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. साधारण निम्म्या राज्यांनी ते मानले, बाकीच्यांनी जुनाच गुरुवार धरला, आणि १९४१ च्या अखेरीस चौथा गुरुवार कायद्याने कायम करेपर्यंत हा घोळ चालू राहिला. एकाच सणाची एकच तारीख ठरवताना एवढ्या मोठ्या देशाची ही तऱ्हा झाली. सिंगापूरसारख्या बेटावर चिनी, मलय, तमिळ, शीख, युरेशियन आणि गेल्या काही दशकांत आलेले आपले मराठी लोक शेजारी-शेजारी राहतात. तिथे सुट्ट्यांची यादी कशी ठरली असेल, हे कुतूहल मला बरीच वर्षे आहे. सणांबद्दल भरपूर लिहिले जाते, सुट्टीबद्दल फार थोडे. खरे तर कोणता समाज कशावर अडून बसला आणि त्याने काय सोडून दिले, हे सुट्टीच्याच यादीत नेमके दिसते.

सिंगापूरची यादी अकरा दिवसांची आहे. इंग्रजी नववर्ष, चिनी नववर्षाचे दोन दिवस, हरी राया पुआसा (म्हणजे आपली रमझान ईद), हरी राया हाजी (बकरी ईद), गुड फ्रायडे, कामगार दिन, वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमा, ९ ऑगस्टचा राष्ट्रीय दिन, दीपावली आणि नाताळ. मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळते, पण ती वेगळी. सुट्टी रविवारी आली तर सोमवार मिळतो. महाराष्ट्र शासनाची यादी वीसच्या पुढे जाते, हे लक्षात घेतले म्हणजे अकराचा आकडा किती आवळून धरलेला आहे ते कळते.

तो १९६८ साली आवळला गेला. त्या जानेवारीत ब्रिटिशांनी बेटावरचे लष्करी तळ १९७१ पर्यंत हलवण्याचे जाहीर केले. तळांवर हजारो लोकांची पोटे चालत होती. नवस्वतंत्र देशाला परदेशी कारखाने आणायचे होते आणि त्यासाठी कामाचे दिवस वाढवायचे होते. मजूर खाते तेव्हा एस. राजरत्नम यांच्याकडे होते. नवा रोजगार कायदा त्याच वर्षी आला, आठवड्याचे ४४ तास ठरले, आणि सोळा सुट्ट्यांच्या अकरा झाल्या. ख्रिस्ती समाजाचा ईस्टरचा शनिवार आणि सोमवार गेला, नाताळचा दुसरा दिवस गेला. मुसलमानांनी पैगंबर जयंती सोडली. हिंदूंपुढे प्रश्न होता तायपुसम की दीपावली. त्यांनी दीपावली ठेवली.

सगळ्या यादीत मला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. तायपुसम हा मुरुगनाचा, अस्सल तमिळ सण. तै महिन्यात पौर्णिमेच्या सुमारास सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळातून भाविक निघतात आणि तीन-चार किलोमीटर अनवाणी चालत टँक रोडच्या तेंडायुदपाणी देवळात पोचतात. कुणाच्या डोक्यावर दुधाचा कलश, कुणाच्या खांद्यावर मोरपिसांनी सजलेली कावडी, कुणाच्या दोन्ही गालांतून आरपार गेलेला वेल, म्हणजे मुरुगनाचा छोटा भाला. महिनाभर आधीपासून उपास आणि पथ्य चालू असते. आदल्या रात्री बारा वाजायच्या सुमारासच पहिले भाविक रस्त्याला लागतात, आणि ज्यांना सकाळी कामावर जायचे असते ते रात्रीचीच वेळ धरतात. श्रद्धेच्या तीव्रतेने मोजले असते तर सुट्टी तायपुसमला मिळायला हवी होती. पण दीपावली गुजरात्यांची होती, सिंध्यांची होती, उत्तरेकडच्या सगळ्यांची होती. सगळ्या हिंदूंच्या नावाने एकच दिवस मागायचा असेल तर सगळ्यांना चालेल असाच दिवस मागावा लागतो. त्या वेळच्या विचारविनिमयाचे माझे वाचन असे आहे की हिंदूंमध्ये ज्यांची संख्या सर्वांत जास्त होती, त्या तमिळांनीच सर्वांत जास्त सोडले. सिंगापुरात आज स्थिरावलेला बहुतेक मराठी समाज त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. त्याला दिवाळीची सुट्टी आयती मिळाली, आणि ती कुणाच्या त्यागातून आली हे त्याला फारसे ठाऊक नसते.

ही सुट्टी तमिळ पंचांगाने चालते, हे मात्र लगेच ध्यानात येते. तमिळांची दीपावली म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट. तिळाचे तेल अंगाला चोळून स्नान करायचे, त्याला गंगास्नान म्हणायचे, औषधी लेहियमची गोळी तोंडात टाकायची आणि नवे कपडे घालायचे. आपले उटणे, आपले कारीट, आपली पहिली आंघोळ यांच्याच घरातली ही रीत. लक्ष्मीपूजन त्यांच्याकडे मुख्य नाही. त्यामुळे चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन वेगवेगळ्या दिवशी आले की सिंगापूरची सुट्टी पहिल्या आंघोळीला पडते. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे हे झाले: १० नोव्हेंबर, २९ ऑक्टोबर, १८ ऑक्टोबर, ६ नोव्हेंबर. प्रत्येक वेळी लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होते. २०२४ मध्ये तेच झाले आणि २०२५ मध्येही. महाराष्ट्रात उलटे आहे. आपल्या शासनाच्या यादीत लक्ष्मीपूजन आहे, बलिप्रतिपदा आहे, पण पहाटे चारला ज्या दिवसासाठी अख्खे घर उठते ती नरकचतुर्दशी नाही. अभ्यंगस्नानाची सुट्टी मराठी माणसाला मुंबईत मिळत नाही, सेरंगून रोडवर मिळते.

मनुष्यबळ मंत्रालय पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या बऱ्याच आधी जाहीर करते. काही वर्षांच्या पत्रकांत दीपावलीवर एक खूण असे आणि खाली टीप: ही तारीख भारतीय पंचांग आले की त्याच्याशी ताडून पाहिली जाईल, फरक पडल्यास कळवले जाईल. ज्या प्रशासनाची ख्याती मिनिटामिनिटाच्या नियोजनाची, ते एका छोट्या समाजाच्या पंचांगकर्त्याची वाट पाहत असे आणि तसे लेखी सांगत असे. या टिपेबद्दल मला मनापासून आदर आहे. सरकारने एक सोयीची तारीख कायमची ठरवून टाकली असती तर कारखान्यांनी आनंदाने स्वागत केले असते. रूझवेल्टच्या गुरुवारासारखा सण व्यापाराच्या दावणीला बांधला गेला असता.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप संख्येचा: मुसलमानांना दोन दिवस, ख्रिस्त्यांना दोन, चिनी नववर्षाला दोन, मग हिंदूंना एकच का? २०२० च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील रहिवाशांत बौद्ध ३१.१ टक्के, ख्रिस्ती १८.९, मुसलमान १५.६, ताओ ८.८ आणि हिंदू ५ टक्के होते. कोणताच धर्म न मानणारे २० टक्के. डोकी मोजायची ठरवली तर बौद्धांना वेसाकचा एकच दिवस हा मोठा अन्याय ठरेल. ताओ पंथाच्या नावाचा तर एकही दिवस यादीत नाही. संख्येच्या हिशेबाने हिंदूंची बाजू बळकट होत नाही, कमकुवतच होते. दुसरा आक्षेप मानाचा आहे, आणि तो जास्त खोल आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तायपुसमच्या मिरवणुकीत ढोल वाजवण्यावरून झटापट झाली आणि तिघांना अटक झाली. मिरवणुकीत वाद्यांना १९७३ पासून बंदी होती. त्यानंतर तायपुसमची सुट्टी परत द्या म्हणून हजारो सह्या गोळा झाल्या. मंत्रालयाचे उत्तर असे होते की एका सणाची सुट्टी परत आणली की इतरांचे दावे उभे राहतील आणि सगळ्या समाजांशी नव्याने वाटाघाटी कराव्या लागतील. वाद्यांचे नियम पुढच्याच वर्षी सैल झाले, यादी जशीच्या तशी राहिली. कॉजवे ओलांडून मलेशियातल्या जोहोरला गेले की तिथे तायपुसमची सुट्टी आहे, हे दुःख त्यात भर घालते.

तरीही सरकारचे ते उत्तर टीकाकार मानतात त्यापेक्षा भक्कम आहे असे मला वाटते. पैगंबर जयंती सोडणाऱ्यांना आणि ईस्टरचा सोमवार सोडणाऱ्यांना न विचारता तायपुसम परत आणणे म्हणजे तह एकाच बाजूने मोडणे. सुट्टी नाही म्हणजे मान नाही, हेही खरे नाही. आषाढी एकादशी महाराष्ट्राच्या राज्यव्यापी यादीत नाही, म्हणून पंढरीची वाट कुणी सोडली नाही. तायपुसमची गर्दीही १९६८ नंतर ओसरलेली नाही. कुणी म्हणेल, मग भारत सरकारच्या कचेऱ्यांत असते तशी ऐच्छिक सुट्टी द्यावी, ज्याचा सण त्याने घ्यावी. व्यक्तीच्या सोयीचा हा उपाय आहे, पण त्यात सिंगापूरला जे साधले ते हरवते. आज हरी रायाला चिनी शेजाऱ्यालाही सुट्टी असते, म्हणून तो मलय घरी जेवायला जाऊ शकतो. २००४ ते २००६ या वर्षांत दीपावली आणि हरी राया दोन-तीन दिवसांच्या अंतराने आले, तेव्हा दोन्ही घरांत जाणे-येणे एकाच आठवड्यात झाले. सगळ्यांना एकदम मोकळा असलेला दिवस हीच सार्वजनिक सुट्टीची खरी किंमत आहे. गणेशोत्सव किंवा गुढीपाडवा सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळाला शनिवार-रविवार बघून करावा लागतो, याबद्दल कुरकुर करण्यासारखे म्हणूनच फारसे काही नाही.

या तहात मला एकच भगदाड दिसते आणि ते तारखांचे नाही. रोजगार कायदा सुट्टीच्या दिवशी काम केले तर एका दिवसाचा जादा पगार किंवा बदली रजा देतो. पण परदेशातून आलेल्या घरकामगार या कायद्यात येतच नाहीत. दोन लाखांहून अधिक बायका, बहुतेक इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि म्यानमारच्या, काही भारतातल्याही. त्यांना आठवड्याची एक सुट्टी २०१३ साली मिळाली, तीही पैसे देऊन विकत घेता येण्यासारखी. महिन्यातला किमान एक दिवस तरी पैशांवर भागवता येणार नाही, असा नियम २०२३ मध्ये झाला. अकरा दिवसांपैकी एकावरही त्यांचा कायदेशीर हक्क नाही. इंडोनेशियाच्या मुसलमान बाईला हरी रायाचा दिवस मिळतो की नाही हे मालकिणीच्या मनावर. दिवाळीला मराठी घरात पाहुण्यांची पंगत उठते तेव्हा मागची भांडी बहुतेकदा तीच घासत असते. १९६८ च्या वाटाघाटीत या बायकांच्या बाजूने कुणीच नव्हते, कारण आजच्या संख्येने त्या तेव्हा बेटावर नव्हत्याच. पाच-सहा दशकांनी तह पुन्हा उघडायचाच असेल तर बाराव्या सणाच्या आधी त्यांचे नाव निघायला हवे, आणि ती मागणी आयत्या मिळालेल्या सुट्टीचा लाभ घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी करायला हवी.