घोटभर चहा आणि चिमूटभर मिश्री

डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. आजही सांगली-साताऱ्याच्या गावांतून माणसं ऑपरेशनसाठी मिरज गाठतात. सोबतच्या आत्याबाईंचा जीव मात्र तुटतो: ‘उपाशी कसं न्यायचं? घोटभर चहा तरी द्या!’ हाच घोट महागात पडतो. भुलीत खोकण्या-गिळण्याची क्रिया मंदावते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. दुधाचा चहा अन्नातच मोजतात. मोठ्यांसाठी साधारण नियम असा: तेलकट किंवा मटणाचं जेवण 8 तास आधी बंद, हलकं खाणं 6 तास, नुसतं पाणी 2 तास. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं, तर तेच पाळायचं.

मिश्रीचं प्रकरण अवघड. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बाई ठामपणे ‘नाही’ म्हणते. मिश्री तिच्या लेखी दात घासायची पूड! पण तीही भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते. महिनाभर आधी सोडली तर उत्तम. डॉक्टरांना मात्र सांगाच.

रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या मनाने बंद करू नका. घरातली औषधांची पिशवी, आयुर्वेदिक काढ्यासकट, भूलतज्ज्ञांपुढे ठेवा.