वहीच्या मागच्या पानावरचे सौदे

माझा भाचा यंदा बारावीला आहे. त्याच्या रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर एक यादी आहे. डावीकडं सोनी, मायक्रोसॉफ्ट, टेन्सेंट, क्राफ्टन अशी नावं आणि उजवीकडं त्या कंपन्या पुढं कोणता गेम स्टुडिओ विकत घेतील याचा त्याचा अंदाज. काही नावं खोडून पुन्हा लिहिलेली, काहींपुढं प्रश्नचिन्ह, एकापुढं तीन चांदण्या. त्याच्या आईच्या मते हे पोरगं हातचं जाण्याचं लक्षण आहे. मला मात्र ते पान बघून जालन्याचा मोंढा आठवला. यंदा कुठली जिनिंग कोण घेणार, कुणाचा गाळा कुणाकडं जाणार, याचे अंदाज तिथंही असेच बांधले जात. फक्त वही नसे, तंबाखूची डबी असे.

गेम स्टुडिओची खरेदी-विक्री हा विषय जालन्याला परका वाटेल. सळया आणि बियाणं ही आमची ओळख. स्टुडिओ इथं नाही. ज्या पोरांना त्यात काम करायचं असतं ती पुण्याची वाट धरतात. पण मोठी कंपनी छोट्या कंपनीत नेमकं काय विकत घेते, हे जालन्यानं गेमवाल्यांच्या आधी पाहिलंय.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको सुरू केली. १९९८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि अमेरिकेच्या मोन्सँटोनं महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. मोन्सँटोला जालन्यातल्या इमारती किंवा गोदामं नको होती. तिच्याकडं बोंडअळीला मारणारं जनुक होतं; ते इथल्या मातीत रुजलेल्या कपाशीच्या वाणांत घालायला महिको हवी होती. दोघींनी निम्म्या-निम्म्या भागीदारीची वेगळी कंपनी काढली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि त्या कंपनीनं ते जनुक देशभरातल्या बियाणे कंपन्यांना हक्कशुल्क घेऊन वापरायला दिलं. शेतकरी विकत घेत होता ४५० ग्रॅमचं पाकीट, पण त्यातला एक वाटा जनुकाच्या मालकाचा असे. हा वाटा किती असावा यावरून पुढं कज्जे झाले. शेवटी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं बोलगार्ड-२ च्या पाकिटाची किंमत ८०० रुपये आणि त्यातलं हक्कशुल्क ४९ रुपये ठरवून दिलं. २०१८ मध्ये बायरनं ६३ अब्ज डॉलरना आख्खी मोन्सँटो घेतली. आमच्या शेतातल्या कपाशीचा वरचा मालक बदलला, बांधावर कुणाला पत्ताही नव्हता.

बियाण्याच्या धंद्यात एक साधी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. किंमत दुकानातल्या पाकिटाला नसते, नर आणि मादी वाणांना असते. संकरित बियाणं पेरून आलेल्या पिकाचं बी पुढच्या वर्षी तसंच्या तसं उगवत नाही, म्हणून शेतकऱ्याला दर जूनमध्ये दुकानाची पायरी चढावी लागते. ज्याच्या शीतगृहात मूळ वाण, त्याचा दर वर्षाचा गल्ला पक्का.

गेमच्या धंद्यात या मूळ वाणाला बौद्धिक संपदा म्हणतात: गेमचं नाव, पात्रं, नियमांची घडण, आतला प्रोग्रॅम. फुटबॉलचा गेम दर वर्षी नवा निघतो. कॉल ऑफ ड्यूटीही दर वर्षी. बीजीएमआय हा मोबाइल गेम फुकट असतो, पण नवा सीझन आला की कपडे आणि बंदुकीचे रंग घ्यायला भाचा माझ्याकडं हात पसरतो. ही जूनमधलीच पायरी आहे. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२२ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीवाल्या ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डसाठी ६८.७ अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं पाच लाख कोटी रुपयांच्या आसपास, देऊ केले ते याच पायरीसाठी. अमेरिका आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकांनी आडकाठी केली. निन्टेंडोला दहा वर्षं कॉल ऑफ ड्यूटी देण्याचा करार करावा लागला, क्लाउडवरचे हक्क युबिसॉफ्टला द्यावे लागले. एकवीस महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये सौदा पुरा झाला.

अमेरिकेच्या नियामकानं या सौद्याविरुद्ध लढवलेल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टची आतली पत्रं उघडी पडली, आणि भाच्यासारख्यांना सोन्याची खाण सापडली. कंपनीनं सेगावर डोळा ठेवला होता, बंजी हा स्टुडिओ पुन्हा घ्यायचा विचार केला होता, आणि निन्टेंडो मिळाली तर तो कारकिर्दीतला मोठा क्षण ठरेल अशा अर्थाचं गेम विभागाच्या प्रमुखानं २०२० मध्ये लिहिलं होतं. यातलं मायक्रोसॉफ्टला काहीही मिळालं नाही. मोठ्या कंपनीच्या मनात नाव असणं आणि ते घरात येणं यात किती अंतर असतं, याचा एवढा चोख पुरावा क्वचित मिळतो. भाच्याच्या यादीत तरीही निन्टेंडो आहे. तीन चांदण्यांसह.

मग सौदे होतात कुणाचे? मी गेली काही वर्षं त्याच्या नादानं हे बघतोय, आणि माझं मत असं झालंय की अफवा धावते गाजलेल्या नावामागं, पैसा मात्र ओळखीच्या दारात जातो. आपल्याकडं सोयरीक जमताना बघायचा कार्यक्रम गाजावाजा करून होतो, पण जाणती माणसं त्याआधीची ये-जा पाहतात. इन्सोम्नियाक स्टुडिओ सोनीसाठी वर्षानुवर्षं गेम बनवत होता. स्पायडरमॅन गाजला आणि २०१९ मध्ये सोनीनं तो २२.९ कोटी डॉलरना घेतला. ब्लूपॉइंटचंही तेच. जून २०२१ मध्ये सोनीनं हाउसमार्क हा स्टुडिओ घेतल्याची घोषणा केली, तेव्हा प्लेस्टेशनच्या जपानी खात्यावरून चुकून ब्लूपॉइंटच्या स्वागताचं चित्र टाकलं गेलं. लगेच काढलं, पण तोवर जगानं पाहिलं होतं. सप्टेंबरअखेर तो सौदा खरोखरच जाहीर झाला. सुपारी फुटण्याआधीच बँडवाल्यानं वाजवायला घेतलं, एवढंच.

जपानच्या काडोकावाचं प्रकरण आणखी बोलकं. एल्डन रिंग बनवणारी फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीच्या पदराखाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनी काडोकावा घेण्याच्या बोलणीत असल्याची बातमी रॉयटर्सनं दिली. शेअर दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन थांबला. डिसेंबरात कळलं की सोनी सुमारे ५० अब्ज येन घालून फक्त १० टक्क्यांच्या आसपास हिस्सा ठेवणार. अफवेवर उडी मारणाऱ्यांचे हात पोळले. पण खोटं कुणीच बोललं नव्हतं. सोनीचा थोडा हिस्सा काडोकावात आधीच होता आणि २०२२ मध्ये तिनं थेट फ्रॉमसॉफ्टवेअरमध्येही पैसा घातला होता. महिकोतले २६ टक्के आठवतात का? पाय आधी उंबऱ्यावर असतो.

उलट पक्क्या न झालेल्या सौद्यावर घर बांधलं की काय होतं ते स्वीडनच्या एम्ब्रेसरनं दाखवलं. दिसेल तो स्टुडिओ घेत सुटलेली ही कंपनी दोन अब्ज डॉलरच्या एका कराराच्या भरवशावर होती. मे २०२३ मध्ये तो फिसकटला, शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त कोसळला, आणि ऑगस्टमध्ये सेंट्स रो बनवणारा व्होलिशन हा जुना स्टुडिओ बंद झाला.

आपल्याकडं असल्या बातम्यांवर शेअर हलू लागले की काय करायचं, याचा नियम सेबीनं केलाय. बाजारमूल्यानं वरच्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि वरच्या २५० ना त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून, वृत्तमाध्यमात आलेल्या अफवेनं भाव लक्षणीय हलला तर चोवीस तासांत खरं-खोटं सांगावं लागतं. मोंढ्यात असा नियम असता तर निम्मी माणसं घरी बसली असती.

आता महाराष्ट्रात येऊ. हिशेब इथंही तोच लागतो. रिअल क्रिकेट हा मोबाइलवरचा गेम बनवणारी नॉटिलस मोबाइल पुण्याच्या जेटसिंथेसिसनं २०२० मध्ये घेतली. २०२२ मध्ये कोरियाच्या क्राफ्टननं तिच्यात ५४ लाख डॉलर घातले. मार्च २०२५ मध्ये त्याच क्राफ्टननं १ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये देऊन नॉटिलसचा ताबा घेतला. भाच्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. "मामा, ती छोटी होती हो," तो म्हणाला. पण ज्यानं २०२२ चा आकडा पाहिला असेल त्याला २०२५ चा धक्का बसायचं कारण नव्हतं. बीजीएमआय याच क्राफ्टनचा. म्हणजे माझ्या खिशातून बंदुकीच्या रंगासाठी गेलेले पैसे फिरून आपल्याच राज्यातल्या क्रिकेटच्या गेममध्ये लागले असतील, असं मी स्वतःला समजावतो.

भारतातल्या स्टुडिओला कोण बोली लावू शकतो यावर सरकारचीही रेघ आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं नियम केला की भारताशी जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी मंजुरी हवी. त्याच वर्षी सप्टेंबरात चीनची टेन्सेंट चालवत असलेला पबजी मोबाइल इथं बंद झाला. त्यामुळं जगातली सगळ्यात भुकेली खरेदीदार इथल्या लिलावातून जवळजवळ बाहेर गेली, आणि कोरिया-जपानला मोकळं रान मिळालं. गंमत अशी की ब्रिटनच्या सुमो समूहाचा एक स्टुडिओ पुण्यात होता. जानेवारी २०२२ मध्ये टेन्सेंटनं तिकडं आख्खी सुमोच घेतली. पुढच्या दाराला कुलूप लावलं, पण परसातलं दार ब्रिटनमध्ये उघडतं.

मुंबईची नझारा मात्र विकली जाण्याऐवजी विकत घेत सुटली. नितीश मित्तरसेन यांची ही कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा क्रिकेटचा गेम, ब्रिटनची फ्यूजबॉक्स, मग कर्व्ह गेम्स असं तिनं जोडत नेलं. पण पोकरबाजी चालवणाऱ्या कंपनीत ८३२ कोटी रुपयांना ४७.७ टक्के हिस्सा घेतला आणि वर्षभरात, ऑगस्ट २०२५ मध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेनं बंदीच घातली. त्या गुंतवणुकीची किंमत ताळेबंदात खाली आणावी लागली. पत्त्याच्या धंद्यात नर-मादी वाण नसतो, नुसता गल्ला असतो. गल्ला बंद झाला की हातात उरतं काय?

यानंतर कुणाचा नंबर, असं मला विचाराल तर माझी नजर पुण्याच्या सुपरगेमिंगवर आहे. मास्कगन आणि इंडस हे गेम त्यांचे स्वतःचे, म्हणजे वाण घरचा. शिवाय जपानच्या बंदाई नामकोच्या पॅकमॅनचा मोबाइल गेम तेच सांभाळतात, म्हणजे ये-जा चालू आहे. हा निव्वळ अंदाज, ओट्यावरचा. यावर कुणी पैसे लावू नयेत.

आणि विकलं गेल्यावर? इथं माझी बियाण्याची उपमा तुटते, आणि ती तुटते तिथंच हा धंदा समजतो. वाण शीतगृहात ठेवता येतो. गेमचा निम्मा वाण संध्याकाळी सहाला पाठीवर बॅग टाकून घरी जातो. मायक्रोसॉफ्टनं २००० मध्ये बंजी घेतली ती हेलोसाठी, आणि हेलोनंच पुढच्या वर्षी एक्सबॉक्सला उभं केलं. २००७ मध्ये बंजीची माणसं पुन्हा स्वतंत्र झाली. हेलो मायक्रोसॉफ्टकडं राहिला. नाव एका घरात, हात दुसऱ्या घरात. त्या हातांनी मग डेस्टिनी बनवला आणि २०२२ मध्ये सोनीनं त्याच बंजीला ३.६ अब्ज डॉलरना घेतलं. दोन वर्षांत तिथल्या २२० जणांना नारळ मिळाला.

टँगो गेमवर्क्सची गोष्ट तर मोंढ्यातही कुणी खरी मानणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या या जपानी स्टुडिओनं हायफाय रश नावाचा गेम काढला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये क्राफ्टननं गेमचे हक्क आणि माणसं दोन्ही उचलली. तीच क्राफ्टन, जिनं पुढच्या मार्चमध्ये नॉटिलस घेतली. मुंबईच्या इंडियागेम्सला असा दुसरा धनी भेटला नाही. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी २०११ मध्ये डिस्नेनं घेतली आणि २०१६ पर्यंत डिस्नेनं भारतातलं गेमचं दुकानच आवरलं. तेव्हाच्या फोनवर तिचे गेम खेळलेली माणसं आज चाळिशीत असतील. वाण कुणाच्या शीतगृहात आहे, कोण जाणे.

परवा भाच्याची वही पुन्हा पाहिली. निन्टेंडोपुढच्या चांदण्या अजून तीनच आहेत, त्यावर आमचं भांडण चालू आहे. पण पानावर पट्टीनं एक नवा रकाना आखलाय आणि वर लिहिलंय: "पहिला पैसा कुणाचा?" तेवीस नावांपैकी चार ओळी भरल्यात. बाकीच्या भरायला त्याला माझा लॅपटॉप हवाय, आणि त्याच्या आईला परीक्षा होईपर्यंत तो माझ्याच कपाटात राहायला हवाय.