झिजण्याचा मान

जुनी शिडाची होडी विकत घेताना गिऱ्हाईक तळ ठोकून बघते, शीड उलगडून बघते, इंजिन सुरू करून बघते. शीड डोलकाठीला धरून ठेवणारे नायलॉनचे इवलेसे तुकडे मात्र क्वचितच कोणी हातात घेऊन पाहते. त्यांना स्लग म्हणतात. डोलकाठीच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक खाच असते आणि शिडाच्या पुढच्या कडेला ठरावीक अंतराने बांधलेले स्लग त्या खाचेत सरकतात. दोर ओढला की शीड चढते, सोडला की उतरते.

यातले उतरणे अधिक महत्त्वाचे. शीड चढले नाही तर फार तर त्या दिवशीचा फेरफटका हुकतो. वारा अचानक वाढला आणि शीड अर्ध्यावर अडकले, तर होडी कलंडू लागते. स्लगची परीक्षा त्या घटकेला होते.

ही व्यवस्था तशी अलीकडची. पूर्वीच्या चौकोनी शिडांना लाकडाच्या, वाफेवर वाकवलेल्या कड्या असत. त्या डोलकाठीभोवती सैल बसत आणि शिडाबरोबर वर-खाली जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उंच, त्रिकोणी बर्म्युडा शिडे रूढ झाली. त्यांच्या उंच डोलकाठीला मधेच ताणाच्या तारा आणि आडवे दांडे लागत, आणि कडी त्यांच्यापलीकडे जाऊ शकत नसे. म्हणून डोलकाठीच्या मागे धातूची पट्टी ठोकली गेली आणि तिच्यावरून सरकणाऱ्या सरक्या आल्या. 1930 साली अमेरिकाज कप राखणाऱ्या ‘एंटरप्राइज’ या शर्यतीच्या नौकेची डोलकाठी ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या सर्रास झाल्या. त्यांची खाच घडणीतच येई; वेगळी पट्टी लागेना. त्या खाचेत बसणारा नायलॉनचा स्लग स्वस्त होता, गंजत नव्हता आणि मऊ ॲल्युमिनियमला ओरखडा पाडत नव्हता.

फ्रँक बटलर यांनी आखलेली कॅटलिना 22 ही कॅलिफोर्नियातली होडी या काळाची खूण मानता येईल. 1969 च्या सुमारास तिचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे अशा पंधरा हजारांहून अधिक होड्या बनल्या. त्यांतल्या जुन्या आता पन्नाशीच्या आहेत. तळ धड आहे, डोलकाठी सरळ आहे. बदलावे लागतात ते हे तुकडे.

नायलॉनचा खरा वैरी ऊन. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर खडूसारखी पांढुरकी भुकटी येते आणि लवचिक तुकडा ठिसूळ होतो. शिवाय नायलॉन पाणी शोषून किंचित फुगते, त्यामुळे कोरडा असताना घट्ट बसणारा स्लग समुद्रावर अडकू शकतो. ॲसिटल प्लास्टिक फारच कमी पाणी शोषते, म्हणून काही जण त्याचे स्लग पसंत करतात.

सगळ्या स्लगवर सारखा भार नसतो. शेंड्याचा स्लग, शीड आखडून बांधायच्या जागेजवळचे स्लग आणि शिडातल्या आडव्या कामट्यांच्या टोकांशी असलेले स्लग सर्वाधिक सोसतात. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर येतो, मग तोही जातो आणि बघता बघता शिडाची कड चेन उसवावी तशी सुटत जाते. म्हणूनच तुटलेला एकच बदलणे ही काटकसर नव्हे. बाकीच्यांनीही तेवढेच ऊन खाल्लेले असते.

बदलताना पहिली चूक होते मापात. जुना स्लग झिजलेला असतो, त्याच्यावरून नवा घेतला तर तो सैल निघतो. माप डोलकाठीच्या खाचेचे घ्यावे: आतला व्यास आणि तोंडाची रुंदी. आधी एकच नमुना आणून तो वरपासून खालपर्यंत सरकवून पाहावा, मगच सगळा संच मागवावा. शेंड्यासाठी स्टेनलेस स्टीलची कडी बसवलेला दणकट स्लग घ्यावा.

पुढचा प्रश्न, शिडाला तो बांधायचा कशाने? प्लास्टिकची शॅकल, म्हणजे जोडकडी, चटकन बसते, पण तिलाही ऊन लागतेच. स्टीलची शॅकल टिकते, पण शिडाची कड कुरतडते. सर्वात शांत जोड पॉलिएस्टरच्या पट्टीचा. पट्टी शिडाच्या डोळ्यातून आणि स्लगमधून तीन-चार वेळा फिरवायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायची. सुई जाड कापडातून दाबून काढण्यासाठी तळहाताला चामड्याचा पट्टा लागतो. सगळे फेरे एकाच लांबीचे हवेत, नाहीतर शिडाला चुण्या पडतात. खाचेत ग्रीस भरू नये, त्यात रेती अडकते. गोड्या पाण्याने धुऊन कोरडे सिलिकॉन मारणे पुरते.

पुढच्या लहान शिडाचा हिशेब थोडा वेगळा. ते पितळी किंवा काशाच्या आकड्यांनी पोलादी तारेला अडकवलेले असते आणि कठीण तार मऊ आकड्याला आतून कापत जाते. खोल खोबण पडली की आकडा बदलायचा. तार शाबूत राहावी म्हणून तो मऊ धातूचाच असावा लागतो.

पट्टी शिवण्याचा हा हात भर समुद्रातही उपयोगी पडतो. मुंबईत सागवानात बांधलेल्या 32 फुटी ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये 312 दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी ती पहिलीच. वाटेत फाटलेली शिडे त्यांनी स्वतःच शिवली. एकदा तर त्यांच्या मिशाच दोऱ्याच्या गाठीत अडकल्या आणि हिसका देऊन सोडवाव्या लागल्या. भर समुद्रात सुई-दोरा हे होडीचे हत्यारच असते.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. या कामाला तोच मुहूर्त बरा. प्रत्येक स्लग अंगठ्याने वाकवून पाहा. पांढरी भुकटी किंवा चीर दिसली तर अख्खा संच बदला आणि चार-सहा जादा होडीत ठेवा. शीड आणि डोलकाठी महाग आहेत. त्यांच्याआधी झिजावे म्हणूनच स्लग केलेला आहे, आणि तो वेळेवर बदलणे हेच होडीचे सर्वात स्वस्त विमापत्र आहे.