पुळणीवरचं बिऱ्हाड

आपल्याकडे कोणी पुळणीवर गाडी घातली की दुसऱ्या दिवशी ती पेपरात येते. भरती चढते, चाकं रुततात, गावातून ट्रॅक्टर येतो, पोलीस गुन्हा नोंदवतात आणि बंपरपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या गाडीचा फोटो दिवसभर व्हॉट्सॲपवर फिरतो. कॅलिफोर्नियात एक जागा अशी आहे की तिथे सरकार स्वतः तिकीट फाडून गाडी समुद्रावर सोडतं, आणि वर ‘रात्री इथेच मुक्काम करा’ म्हणतं. रुतलेली गाडी ओढणारा मात्र तिथेही लागतो. माझ्या भाच्याला लागला.

जागेचं नाव ओशिॲनो ड्यून्स. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या साधारण मध्यावर, सॅन लुइस ओबिस्पो परगण्यात, पिझ्मो बीच, ग्रोव्हर बीच आणि ओशिॲनो ही तीन छोटी गावं एकमेकांना खेटून वसली आहेत. त्यांच्यापासून वाळूच्या टेकड्यांची रांग सुरू होते ती दक्षिणेला ग्वाडलूपच्याही पुढे, जवळजवळ 18 मैल. नद्यांनी डोंगरातून आणलेली वाळू समुद्र किनाऱ्यावर टाकतो आणि वायव्येचा वारा ती उचलून आत नेतो. हजारो वर्षं हाच उद्योग चालू आहे. या रांगेतला उत्तरेकडचा सुमारे 3,600 एकरांचा तुकडा राज्याच्या उद्यान खात्याकडे आहे आणि त्यातल्या 1,500 एकरांच्या आसपास डर्ट बाइक, चार जाड चाकांच्या क्वाड, नुसत्या पाइपांच्या सांगाड्याच्या बग्ग्या असल्या वाहनांना मोकळीक आहे. रस्त्यावरची साधी गाडी थेट पुळणीवर नेता येते, असं कॅलिफोर्नियातलं हे एकमेव राज्य उद्यान.

साठच्या दशकात या वाहनांचं वेड वाढलं आणि लोक दिसेल तिथे माळरान तुडवू लागले, तेव्हा राज्याने 1971 साली कायदा करून त्यांची नोंदणी सुरू केली आणि पुढे त्यांच्यासाठी वेगळी उद्यानं राखली. ओशिॲनोचं उद्यान 1974 सालचं. पैसा येतो तो याच मंडळींकडून: नोंदणीची फी, प्रवेशाचं तिकीट आणि पेट्रोलवरच्या करातला वाटा. शौक ज्याचा, खर्च त्याचा. हा हिशोब मला पटला.

सॅन होजेहून आम्ही सकाळी निघालो. तीनशे किलोमीटरचा रस्ता, पण भाच्याला घाई भूगोलाची नव्हती, ओहोटीची होती. समुद्रावर उतरायला दोनच वाटा आहेत, एक ग्रोव्हर बीचची ग्रँड ॲव्हेन्यू आणि दुसरी ओशिॲनोची पिअर ॲव्हेन्यू. डांबरी रस्ता उताराने खाली येतो आणि काही कळायच्या आत वाळू होतो. तिकीटघराच्या अलीकडे प्रत्येक गाडीशेजारी कोणी ना कोणी उकिडवं बसलेलं दिसलं. चाकातली हवा कमी करणं चाललं होतं. फुस्स असा लांब आवाज, मग काट्याने तपासणं, पुन्हा फुस्स. रस्त्यावर बत्तीस-पस्तीस असलेली हवा इथे पंधराच्या आसपास आणतात. चाक खाली पसरतं, उंटाच्या पावलासारखं, आणि भार वाटला जाऊन वाळूत घुसत नाही. भाचा म्हणाला, “मामा, आपली चारही चाकं ओढणारी गाडी आहे, काही गरज नाही.”

पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवर खरोखरच काही गरज पडली नाही. डावीकडे टेकड्या, उजवीकडे प्रशांत महासागर, आणि ताशी 15 मैलांची वेगमर्यादा. वाटेत अरोयो ग्रँडे नावाचा ओढा आडवा येतो. तो ओलांडायचा तर शक्य तितक्या समुद्राच्या बाजूने, जिथे पाणी पसरट होतं तिथून, तेही ओहोटी पाहून. ओढ्याच्या पात्रातून वर जायला बंदी, आणि पावसाळी दिवसांत पाणी वाढलं की वाटच बंद. किनाऱ्यावर अंतराअंतरावर आकडे लिहिलेले खांब आहेत. दोन नंबरच्या खांबापर्यंत क्वाड आणि बाइका ट्रेलरवरूनच न्याव्या लागतात. तो ओलांडला की त्या खाली उतरवायच्या, आणि तिथूनच पुढे मुक्कामाची हद्दही सुरू होते.

आखलेले प्लॉट नाहीत, नंबर नाहीत, नळ नाही, विजेचा खांब नाही. आरक्षण मुक्कामाचं असतं, जागेचं नाही; जागा दिसली की गाडी लावायची. भाच्याने टेकडीच्या आडोशाला एक छान कोपरा हेरला, ओली वाळू सोडून कोरडीत वळला आणि वीस फुटांत गाडी बसली. त्याने एक्सिलेटर दाबला, तशी ती आणखी बसली. शेजारच्या मोटारघरातून एक आजोबा हातात कॉफीचा मग घेऊनच आले. त्यांनी आधी चाकांकडे पाहिलं, मग भाच्याकडे, आणि काही न बोलता खिशातून हवेचा काटा काढून दिला. चारही चाकांची हवा उतरवली, समोरची वाळू हातांनी उपसली, आजोबांच्या पिकअपला पट्टा बांधला, आणि गाडी निघाली. आभार मानले तर म्हणाले, संध्याकाळपर्यंत आणखी चार निघतील.

तंबूची गंमत त्यानंतर कळली. वाळूत खुंटी धरत नाही. दगडाने ठोकून ठोकून खाली घातलेली खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झोताला दाढेसारखी वर आली. इथले जाणते लोक खुंटीच्या भानगडीत पडत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरतात, तिला दोरी बांधतात, हातभर खोल खड्ड्यात ती आडवी पुरतात आणि वर वाळू दाबतात. वारा कितीही ओढो, ती हलत नाही. आम्ही बाजारहाटीच्या चार पिशव्या अशा पुरल्या. त्यातली एक पुण्याच्या मिठाईच्या दुकानाची होती. परत येताना ती काही सापडली नाही. अमेरिकेच्या वाळूत राहिली आहे.

पिण्याचं पाणी घरून न्यावं लागतं. फिरती संडासं आहेत, ती बरी होती. काचेची बाटली नेली तर दंड. शेकोटीला परवानगी आहे, पण खिळे असलेलं लाकूड जाळायचं नाही. लाकडाची राख होते, खिळे मागे उरतात आणि पुढच्या माणसाच्या चाकात किंवा पोराच्या तळव्यात जातात.

वाहनं चालतात ती कशी, हे टेकडीवर बसून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक क्वाडच्या मागे उंच लवचिक काठी आणि टोकाला लाल किंवा नारिंगी झेंडा. जमिनीपासून निदान आठ फूट उंच. टेकडीपलीकडे कोणी चढत असेल तर गाडी दिसण्याआधी झेंडा दिसतो. लांबून पाहिलं तर शेकडो झेंडे वाळूतून पालखीसारखे निघालेले. एका वाटेला ‘सँड हायवे’ म्हणतात, एका उंच चढाला ‘कॉम्प हिल’, म्हणजे स्पर्धेची टेकडी. चढाला जोर लागतो. जीव जातो तो उताराला. वारा वायव्येचा, त्यामुळे टेकडीची समुद्राकडची बाजू निवांत चढत जाते आणि आग्नेयेची बाजू तुटून पडते, तिथे वाळू जेमतेम घसरायची थांबलेली असते. जो माणूस वेगात वर येतो आणि माथ्यावर न थांबता पुढे जातो, तो सरळ हवेत. अपघात इथे होतात, मृत्यूही होतात. जुने लोक माथ्याला तिरकं येऊन थांबतात, पलीकडे पाहतात, मगच उतरतात.

एवढं सगळं करून लोक इथे का येतात, हे मला संध्याकाळी कळलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्र दिसणारी खोली घ्यायची तर खिसा रिकामा होतो. इथला रात्रीचा दर वर्षानुवर्षं 10 डॉलर होता. आमच्या डावीकडे शेतावर काम करणारं एक मेक्सिकन कुटुंब होतं, आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत अकरा माणसं. त्यांच्याकडे क्वाड नव्हतीच. मोठा तंबू, मक्याच्या रोट्यांचा तवा, आणि समुद्र. गाड्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उद्यानात असे किती जण नुसते झोपायला येतात, याचा विचार इथल्या वाहनांना विरोध करणारे करत नाहीत आणि समर्थन करणारेही करत नाहीत.

रात्री दहाला शांततेचे तास सुरू होतात. आवाज पार थांबला नाही, पण लाटांचा आवाज वर आला. तेव्हा मला मेहेरबाबा आठवले, आणि आठवायला सबळ कारण आहे.

1920-30च्या दशकांत या टेकड्यांत एक वेगळीच वस्ती होती. चित्रकार, कवी, ज्योतिषी, नग्न हिंडणारे, मंदीत नोकऱ्या गेलेले, असे लोक वाहून आलेल्या लाकडांच्या झोपड्या बांधून राहत आणि पुळणीतले शिंपले उकडून खात. त्यांना ‘ड्यूनाइट्स’ म्हणत. त्यांच्यातला म्होरक्या गॅव्हिन आर्थर हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांचा नातू. त्याने आपल्या वस्तीला ‘मॉय मेल’ असं आयरिश नाव दिलं होतं आणि तिथून ‘ड्यून फोरम’ नावाचं मासिकही काढलं. या वस्तीला 1934च्या अखेरीस मेहेरबाबांनी भेट दिली. पुण्यात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले, नगरजवळ अरणगावला आश्रम वसवणारे बाबा. 10 जुलै 1925पासून त्यांनी मौन धरलं होतं आणि त्या काळात ते अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून बोलत. नगरचा मौनी माणूस या वाळूत मुक्कामाला आला होता, ही गोष्ट आमच्या मुक्कामात कोणालाच ठाऊक नव्हती. भाच्यालाही नाही, आणि त्याचं आजोळ नगरचं!

दक्षिणेला ग्वाडलूपच्या वाळूत आणखी एक वस्ती गाडलेली आहे. 1923 साली दिग्दर्शक सेसिल डीमिलने ‘द टेन कमांडमेंट्स’ या चित्रपटासाठी तिथे अख्खं इजिप्त उभारलं होतं आणि चित्रीकरण झाल्यावर ते तसंच पुरून टाकलं. स्फिंक्सचे तुकडे अजून निघतात.

आता या वाहनांवरून चाललेल्या भांडणाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत दक्षिणेकडे गेलो तर पुढे जाळीचं कुंपण लागलं. दरवर्षी 1 मार्च ते 30 सप्टेंबर सुमारे 300 एकर जागा अशी बंद होते, दोन पक्ष्यांसाठी. एक छोटा सुरय आणि दुसरा हिमचिखल्या. हा चिखल्या कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या केंटिश चिखल्याचा इतका जवळचा नातलग की 2011पर्यंत अमेरिकेतले पक्षितज्ज्ञ दोघांना एकच जात मानत. त्याचं घरटं म्हणजे वाळूत पायाने केलेली वाटीएवढी खोलगट जागा, आणि तीत वाळूच्याच रंगाची तीन ठिपकेदार अंडी. मादी पुष्कळदा निघून जाते, पिल्लांना बापच हिंडवतो. वारा सुटला की हे पक्षी कुठल्याही खळग्यात दबून बसतात. माणसाच्या पावलाच्या ठशात बसतात, तसे चाकाच्या चाकोरीतही. पुढचं सांगायला नको. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा पक्षी 1993पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

दुसरी तक्रार आग्नेयेच्या निपोमो पठारावरच्या लोकांची. वसंतात जोराचा वारा सुटला की तिथल्या हवेत बारीक धूळ आरोग्याच्या मर्यादेबाहेर जाते. चाकांनी झाडोरा आणि वरची साय मोडली की सुटी वाळू जास्त उडते, असं हवा नियंत्रण मंडळ म्हणतं. वारा तर आधीपासूनच होता, असं गाडीवाले म्हणतात. 2018 साली मंडळाने बांधील आदेश काढला. तेव्हापासून उद्यान खातं टेकड्यांवर कुंपणं, गवताच्या पेंढ्या आणि स्थानिक झुडपं लावत आहे. ती मी पाहिली. लावलेल्या भागात वाळू खरंच थांबलेली दिसते.

18 मार्च 2021 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टी आयोगाने एकमताने ठरवलं की तीन वर्षांत इथली ही वाहनं बंद. गाडीप्रेमींची संघटना कोर्टात गेली आणि 2023 साली परगण्याच्या कोर्टाने सांगितलं की असं करण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. वाहनं चालू राहिली.

दोन दिवस वाळू खाऊन माझं मत असं झालं की तंबू राहावेत आणि चाकं कमी व्हावीत. थोड्या पैशांत समुद्राशेजारी झोपायची सोय शेतमजुराच्या कुटुंबाकडून काढून घेणं हा अन्याय आहे. पण त्या सोयीसाठी टेकड्यांवर हजारो इंजिनं फिरलीच पाहिजेत, असं काही नाही. भाच्याला हे मान्य नाही. परतीच्या वाटेवर तो क्वाडच्या किमती पाहत होता.

जायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. कुंपण काढलेलं असतं, वाराही कमी. आरक्षण सहा महिने आधी खुलतं, 4 जुलैच्या आठवड्याचा विचारही करू नका. पाऊस झाला असेल तर ओढ्याची वाट सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा आणि ओहोटीची वेळ पाहूनच उतरा. चाकातली हवा आधी सोडा, आणि ती परत भरायचा छोटा पंप आठवणीने सोबत घ्या.