बारनिशीतली हरकत

गोंदिया परिसरातील एखाद्या रेल्वे फाटकाशी मालगाडीचे डबे मोजीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात, हा लोहमार्ग येथूनच न्यावा काय असे आपल्या पूर्वजांना कोणी कधी विचारले होते की नाही, असा प्रश्न सहसा येत नाही. आणि आलाच, तर त्याचे उत्तर नकारार्थी आहे. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा मीटरगेज मार्ग या धानाच्या मुलुखातून गेला, १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याकडे जाणारी अरुंद फाट्याची वाट निघून गोंदिया जंक्शन झाले. या सर्व उलाढालीत ज्यांच्या बांध्या गेल्या त्यांना मोबदला कमी मिळाला म्हणून दाद मागण्याची मुभा होती. परंतु ‘माझी जमीन घेऊच नका, मार्ग पलीकडून न्या’ असे म्हणण्याचा अधिकार कायद्यात नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हरकत ऐकून घेण्याचे कलम ५-अ घालण्यात आले ते १९२३ साली. म्हणजे आधी रूळ आले आणि पुष्कळ वर्षांनी कान आले.

आज परिस्थिती पालटली आहे, निदान कागदावर तरी. शहराच्या विकास आराखड्यात एखादा रस्ता रुंद करण्याचे ठरले, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि नियोजन समितीपुढे हरकतदाराला आपले म्हणणे मांडता येते. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यावयाची, तर १९५६ च्या कायद्याने राजपत्रातील अधिसूचनेपासून एकवीस दिवसांची मुदत आहे. एसटीसाठी मार्ग राखून ठेवण्याची योजना शासनाने काढली, तर ती प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रातही छापावी लागते आणि तीस दिवसांत हरकत घेता येते. मोठ्या नव्या महामार्गासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी घ्यावी लागते, ती निराळीच. इतकी दारे उघडी असताना नागरिक बहुधा बाहेरच का राहतो, याचे कारण केवळ उदासीनता नव्हे; सुनावणी म्हणजे नेमके काय, याविषयीची आपली समजूतच थोडी चुकीची आहे.

ही समजूत तपासून पाहण्यास एक जुना खटला फार उपयोगी पडतो. तत्कालीन मोटार वाहन कायद्यान्वये आंध्र प्रदेश शासनाने कृष्णा जिल्ह्यातील खाजगी बसवाल्यांचे मार्ग सरकारी परिवहनाकडे घेण्याची योजना काढली. बसमालकांनी हरकती घेतल्या. त्या ऐकल्या परिवहन खाते सांभाळणाऱ्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५८ मध्ये तो निर्णय रद्दबातल ठरविला, आणि त्यामागील बहुमताचा विचार असा होता की, ज्याने ऐकले त्याने ठरविले नाही आणि ज्याने ठरविले त्याने ऐकले नाही, तर ती सुनावणी निव्वळ उपचार होय. दुसऱ्या खेपेस खुद्द मुख्यमंत्र्यांना सुनावणीला बसावे लागले. सामान्य बसमालकांच्या तक्रारीतून राज्यकारभाराला शिकविलेला हा धडा आमच्या शाळांतील नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मला कोठे आढळला नाही.

परंतु ज्या सुनावण्यांना तुम्ही-आम्ही जातो त्यांतील बहुतेकींत ऐकणारा आणि ठरविणारा हे आजही दोन वेगळे असतात, आणि कायद्यानेच ते तसे ठेवले आहेत. पर्यावरणविषयक सुनावणीचे उदाहरण घ्या. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते, जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी तिचे अध्यक्षस्थान घेतो, किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते, आणि प्रकल्पाचा संक्षेप स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. गणपूर्तीची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झालीच. सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते, आणि अखेरीस इतिवृत्ताचा सारांश जमलेल्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. मंजुरीचा विचार मात्र मुंबईत वा दिल्लीत बसलेली तज्ज्ञांची समिती करते. मंडपातील टाळ्या तेथवर पोचत नाहीत. पोचतात ते कागद.

या कारणास्तव, ध्वनिक्षेपक हाती येताच वीस मिनिटे शासनाला धारेवर धरणारे वक्ते मला सुनावणीचे शत्रू वाटत आले आहेत. (मीही एकदा असे एक घणाघाती भाषण करून आलो होतो, इतिवृत्ताची नक्कल हाती आली तेव्हा त्याचे ‘विरोध दर्शविला’ एवढेच उरले होते.) त्याच सभेत एखादा वृद्ध शेतकरी उठून मौजा आणि गट क्रमांक सांगतो, प्रस्तावित भराव आपल्या मालगुजारी तलावाच्या पाटावर येतो आणि तेथे मोरी न ठेवल्यास खालच्या साऱ्या बांध्या कोरड्या पडतील असे म्हणतो, तेव्हा ते वाक्य खोडता येत नाही, त्यास उत्तर द्यावे लागते. नकाशा काढणाऱ्याला जे ठाऊक नसते आणि तेथे राहणाऱ्याला न शिकता ठाऊक असते, ते सांगण्यासाठीच तर ही सभा आहे.

नागपूर ते गोंदिया नियोजित द्रुतगती महामार्गाची चर्चा आपल्याकडे चालू आहे. नवेगाव आणि नागझिरा या दोन वनांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग कधीचाच जातो, आणि २०१३ साली तेथे व्याघ्रप्रकल्प झाला तरी जनावरांना रस्ता ओलांडावाच लागतो. अशा प्रश्नांवर बोलण्यास निदान जागा आहे. आश्चर्य आहे ते रेल्वेचे. जिच्यामुळे गोंदिया हे गोंदिया झाले, ती रेल्वे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत नाही. विशेष रेल्वे प्रकल्पासाठी जमीन घेतली गेल्यास २००८ च्या दुरुस्तीने तीस दिवसांत हरकत घेता येते, पण ती जमिनीत हितसंबंध असलेल्याने. रोज सकाळी फाटकाशी सायकल धरून उभ्या राहणाऱ्या शाळकरी मुलीची एक गुंठाही जमीन जात नसते, जातो तो तिचा वेळ. आणि वेळेचा सातबारा निघत नाही. तिच्या वतीने फार तर विभागीय रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीत कोणी शब्द टाकील.

दुसरी अडचण ऋतूची. जुलैमध्ये सारा पूर्व विदर्भ रोवणीत चिखलात उतरलेला असतो. त्या दिवसांत निघालेल्या जाहीर नोटिशीचे एकवीस दिवस तालुक्याच्या शहरात बसलेल्या माणसाला पुरतात, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील शेतकऱ्याला पुरत नाहीत. मुदत वाढवून द्यावी, एवढी साधी विनंती करण्यास काय हरकत आहे? तीसुद्धा लेखी असावी. शिवाय आपल्याकडे घरात पोवारी वा झाडीबोली, बाजारात हिंदी आणि कचेरीत मराठी अशी त्रिस्थळी यात्रा चालते. तेव्हा इतिवृत्त वाचले जाताना, आपण बोललो ते आणि लिहिले गेले ते एकच आहे ना, हे कान देऊन ऐकावे आणि नसल्यास तेथेच सांगावे.

शहरातील वाहतुकीच्या बाबतीत तर तयारी आणखी सोपी आहे. एकेरी मार्गाचा किंवा अवजड वाहनांच्या वेळांचा प्रस्ताव निघाला, की ‘फार त्रास होतो’ असे लिहिण्याऐवजी धानाच्या हंगामात राईस मिलकडे जाणारे ट्रक सकाळी नऊ ते दहा या तासात एका चौकातून किती गेले हे दोन दिवस उभे राहून मोजावे, हाती काढलेला नकाशा जोडावा, पर्यायी मार्ग सुचवावा. एवढा अर्ज एका पानात बसतो. तो दोन प्रतींत न्यावा, एक कचेरीत द्यावी, बारनिशीच्या कारकुनाने दुसरीवर शिक्का मारून आवक क्रमांक आणि तारीख घालीपर्यंत खिडकीशी उभे राहावे, आणि जेवणाची सुट्टी झाली असे तो म्हणाला, तर बाहेरच्या बाकावर बसून ती संपण्याची वाट पाहावी.