तासाभराची किल्ली

मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये तुम्ही फोटो चढवता. काचेवरून बोट उचलेपर्यंत तो पोचलेलासुद्धा असतो. तेवढ्या वेळात पडद्यामागे काय काय होऊन जातं, ठाऊक आहे? एक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या दाराशी जातं. दुसरं विचारतं, तू कोण? पहिलं आपली ओळख पटवून देतं, आणि तीसुद्धा स्वतःजवळचं गुपित एका अक्षरानेही न सांगता. दार उघडतं. आणि ज्या किल्लीने ते उघडलं, ती थोड्या वेळाने आपोआप निकामी होणार असते. ती कुणी परत मागत नाही, कुणी मोडूनही टाकत नाही. वेळ झाली की तिचा खेळ संपतो.

क्लाउडची सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अगम्य गणित आणि अभेद्य कुलपं येतात. गणित आहेच. पण या व्यवस्थेचा कणा दोन अगदी जुन्या गोष्टींचा आहे: घड्याळ आणि नकाशा. किल्ली किती वेळ चालेल आणि ती कुठून घ्यायची, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत कमालीची कल्पकता भरलेली आहे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे एडब्ल्यूएस, या सर्वांत मोठ्या क्लाउडच्या उदाहरणावरून ती उलगडून बघू.

आधी कायमची किल्ली. एडब्ल्यूएसमध्ये प्रोग्रामसाठी अशी किल्ली बनवली की दोन तुकडे हाती येतात. पहिला 20 अक्षरांचा ओळखक्रमांक, जो 'एकेआयए' या चार रोमन अक्षरांनी सुरू होतो. दुसरा 40 अक्षरांचं गुपित. या किल्लीला मुदत नाही. तुम्ही रद्द करेपर्यंत ती चालते. मग होतं काय? घाईत असलेला कुणी प्रोग्रामर ती थेट प्रोग्राममध्ये लिहून टाकतो, तो प्रोग्राम कधीतरी इंटरनेटवर सर्वांसाठी खुला होतो, आणि अशा किल्ल्या हुडकणारे स्वयंचलित प्रोग्राम तर टपूनच बसलेले असतात.

क्लाउडचा ताबा परक्याच्या हाती गेला तर काय होतं, ते जून 2014मध्ये 'कोड स्पेसेस' या कंपनीने भोगलं. ही कंपनी इतरांचे प्रोग्राम सांभाळून ठेवायची. हल्लेखोराने तिच्या क्लाउडच्या नियंत्रण पॅनेलमध्ये शिरकाव केला, खंडणी मागितली, आणि कंपनी ताबा परत घेऊ लागताच साठवलेला डेटा आणि बॅकअप पुसायला सुरुवात केली. बारा तासांच्या आत बहुतेक सगळं नाहीसं झालं. कंपनी त्यातून उठलीच नाही.

आता विचार करा. किल्ली चोरीला जाणारच नाही, अशी खात्री देता येईल का? नाही. पण चोराच्या हाती पडेपर्यंत ती निकामी झालेली असेल, अशी सोय करता आली तर?

ही कल्पना क्लाउडपेक्षा कितीतरी जुनी आहे. 1978मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी नेटवर्कवर एकमेकांची ओळख पटवण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात एक फट होती: जुनी, हाती लागलेली किल्ली पुन्हा वापरून फसवता येत होतं. 1981मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी सॅको यांनी ती फट दाखवली, आणि ती बुजवायचा उपायही सांगितला. निरोपावर वेळ लिहा! इतकंच. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'केर्बेरॉस' नावाची व्यवस्था उभी राहिली. तिच्यात दर तिकिटाला मुदत होती. चौथ्या आवृत्तीत ही मुदत पाच-पाच मिनिटांच्या एककात मोजून अवघ्या आठ बिटांत बसवलेली होती. त्यामुळे सर्वांत लांब मुदत भरायची 21 तास 15 मिनिटं.

हेच बीज 2011मध्ये एडब्ल्यूएसच्या क्लाउडमध्ये रुजलं. त्या सेवेचं नाव सिक्युरिटी टोकन सर्व्हिस, थोडक्यात एसटीएस. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या फाटकावर पाहुण्याला गेटपास मिळतो ना, तसंच काहीसं हे आहे. पासावर नाव असतं, कुठल्या विभागात जायचं ते असतं आणि वेळ असते. कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा पाहुण्याच्या हातात कुणी देत नाही.

एसटीएसकडे पास मागितला की काय मिळतं, ते जवळून बघू. उत्तरात चार गोष्टी येतात. ओळखक्रमांक, पण या खेपेला तो 'एएसआयए'ने सुरू होतो, म्हणजे पहिली चार अक्षरं पाहूनच जाणकाराला कळतं की किल्ली तात्पुरती आहे. मग नवंकोरं गुपित. मग सेशन टोकन नावाची अक्षरांची लांबलचक ओळ, जी दर विनंतीबरोबर दाखवावीच लागते. आणि चौथी, या सगळ्याची मृत्यूची वेळ! तीही जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली. तिथे दहा वाजले असं लिहिलं असेल, तर पुण्या-मुंबईत दुपारचे साडेतीन.

एखाद्या प्रोग्रामला ठरावीक कामापुरते अधिकार देतात, त्याला 'रोल' म्हणतात. रोलचा पास कमीत कमी 15 मिनिटांचा आणि जास्तीत जास्त 12 तासांचा असतो. काही सांगितलं नाही तर एक तासाचा. आणि गंमत अशी, की या किल्ल्या आधीपासून कुठल्या कपाटात ठेवलेल्या नसतात. मागणी आली की त्या क्षणी घडवल्या जातात.

पण किल्ली हाती आली, तरी ती दाखवायची कशी? गुपित वायरवरून पाठवलं, तर वाटेत कुणी ऐकलं म्हणजे संपलंच. इथे या कथेतला सगळ्यात देखणा भाग येतो.

गुपित पाठवायचंच नाही! यंत्र त्या गुपितातून एक सही तयार करतं आणि फक्त सही पाठवतं. गुपित आणि आजची तारीख एका गणिती क्रियेत घालायची. जे निघेल त्यात प्रदेशाचं नाव मिसळायचं, समजा मुंबईचं 'एपी-साउथ-1'. जे निघेल त्यात सेवेचं नाव. मग एक ठरलेला शब्द. अशा चार पायऱ्या उतरल्यावर जी किल्ली उरते, तिने आपल्या विनंतीवर सही करायची. प्रत्येक पायरी एकेरी आहे. खाली उतरता येतं, वर चढता येत नाही. सही पाहून गुपित शोधायला निघालात तर सूर्य विझेल, पण गुपित सापडणार नाही.

आणि या पायऱ्यांची करामत बघा. शेवटी उरलेली किल्ली आजच्या तारखेची, मुंबईची आणि एकाच सेवेची असते. ती समजा फुटली, तरी सिंगापूरमध्ये तिचा उपयोग शून्य, दुसऱ्या सेवेत शून्य. तारीख आणि ठिकाण किल्लीच्या धातूतच ओतलेली आहेत!

शिवाय सहीवर वेळ असते. बहुतेक सेवांमध्ये विनंती तिच्यावरच्या वेळेपासून पाच मिनिटांच्या आत पोचली पाहिजे, नाहीतर फाटक उघडत नाही. म्हणून एखाद्या सर्व्हरचं घड्याळ भरकटलं, की बरोबर किल्ली हातात असूनही तो दाराबाहेर तिष्ठत राहतो.

हे झालं घड्याळाचं. आता नकाशा.

हा पास देणारी खिडकी आहे कुठे? सुरुवातीला एसटीएसचा एकच जागतिक पत्ता होता, आणि त्यामागची यंत्रं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात. म्हणजे मुंबईच्या सर्व्हरला मुंबईतलीच फाइल उघडायची असली, तरी पासासाठी आधी व्हर्जिनियाला जायचं. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ रेषेत जवळपास 13 हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. एक फेरी म्हणजे 26 हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाच्या 130 सहस्रांशांहून कमी कधीच नाही. आणि केबल सरळ रेषेत थोडीच जाते? ती वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरते आणि खंडांना वळसे घालत जाते. त्यात सुरक्षित संवाद सुरू करायला एक फेरी पुरत नाही. आधी जोडणी, मग गुप्तलिपीची बोलणी, मग प्रत्यक्ष मागणी, अशा निदान तीन फेऱ्या होतात. नुसता पास घेण्यात अर्धा सेकंद गेलाच म्हणून समजा. कितीही पैसे ओता, प्रकाशाचा वेग वाढत नाही. मग उरतो एकच मार्ग: खिडकीच जवळ आणायची.

2015मध्ये एसटीएसच्या खिडक्या प्रदेशोप्रदेशी उघडल्या. 2016च्या जूनमध्ये एडब्ल्यूएसचा मुंबई प्रदेश सुरू झाला, आणि मुंबईचा पास मुंबईत मिळू लागला. अशा स्थानिक पत्त्याला 'रीजनल एंडपॉइंट' म्हणतात. आणि मुंबईच्या खिडकीवर घेतलेला पास एडब्ल्यूएसच्या बाकीच्या प्रदेशांतही ओळखला जातो. सहीची किल्ली तेवढी त्या त्या प्रदेशासाठी नव्याने काढायची; पास मात्र साओ पावलोत दाखवा, तिथेही चालतो!

याच्या उलट जुन्या जागतिक पत्त्याची तऱ्हा. हैदराबादचा प्रदेश 2022मध्ये सुरू झाला. अशा नव्या प्रदेशांचा वापर खातेदाराने स्वतःहून चालू करावा लागतो. मूळ सेटिंग बदललं नसेल, तर जागतिक पत्त्यावरून मिळालेला पास तिथे चालतच नाही. 'जागतिक' खिडकीचा पास हैदराबादला अडतो आणि 'स्थानिक' खिडकीचा पास बिनदिक्कत आत जातो!

वेगाहूनही मोठा फायदा वेगळाच आहे. 20 ऑक्टोबर 2025 रोजी व्हर्जिनियातल्या एका डेटाबेस सेवेच्या पत्त्यांची नोंदच एका स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषाने रिकामी झाली. तिथून बिघाड पसरत गेला, एसटीएससुद्धा त्या प्रदेशात अडखळू लागली, आणि स्नॅपचॅटसारखी जगभर वापरली जाणारी ॲप कोलमडली. पास जर दूरच्या खिडकीवरून येत असेल, तर तिथला बिघाड आपलाही होतो. आपली यंत्रं धडधाकट असली तरी. खिडकी आपल्याच प्रदेशात असेल, तर ही नाळ तुटते. त्याच 2025 सालात एडब्ल्यूएसने जुना जागतिक पत्ताही बदलला. आता मुंबईसारख्या प्रदेशातून त्यावर मागणी आली, तर ती त्याच प्रदेशात पुरी केली जाते.

मग तात्पुरती किल्ली म्हणजे सर्व रोगांवर औषध? तसं नाही. 2019मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या एका चुकीच्या रीतीने बसवलेल्या फायरवॉलला फसवून हल्लेखोराने तात्पुरतीच किल्ली मिळवली. दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली. एडब्ल्यूएसच्या दर सर्व्हरला 169.254.169.254 या पत्त्यावर आपल्या रोलची किल्ली मिळते, आणि जुनी संपण्याच्या किमान पाच मिनिटं आधी नवी तयार असते. फायरवॉलने बाहेरच्याचा प्रश्न भाबडेपणाने तिथे नेऊन विचारला, उत्तर आणून दिलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यावर जे उपाय आले, त्यातला एक पाहून थक्क व्हायला होतं. इंटरनेटवरच्या दर पाकिटावर, ते आणखी किती टप्पे ओलांडू शकतं, याचा आकडा असतो. या नव्या पद्धतीत किल्ली मागण्याआधी एक छोटं टोकन घ्यावं लागतं. ते टोकन आणणाऱ्या पाकिटावर मुळात आकडा असतो फक्त एक. सर्व्हरच्या बाहेर पहिलं पाऊल टाकताच ते पाकीट संपतं. किल्लीचं आयुष्य मिनिटांत मोजायची कल्पना आपण पाहिली, आणि इथे तर निरोपाचं आयुष्यच अंतरात मोजलंय!

आणि पास संपायच्या आतच चोरीला गेला तर? दिलेला पास परत घेता येत नाही. पण रोलच्या नियमांत एक ओळ लिहिता येते: अमुक क्षणाच्या आधी दिलेले सगळे पास नामंजूर. किल्ली चोराच्या हातात तशीच राहते, कुलूपच तिला ओळखेनासं होतं. प्रामाणिक यंत्रं पुढच्या क्षणी नवा पास घेऊन कामाला लागतात.

तुम्ही स्वतः क्लाउडवर काही चालवत असाल, मग ते कॉलेजचं प्रोजेक्ट असो की दुकानाचं ॲप, तर आज दोन कामं कराच. खात्यातल्या किल्ल्यांची यादी उघडा, आणि 'एकेआयए'ने सुरू होणाऱ्या ज्या किल्लीचं काम रोलने भागतं, ते रोलवर नेऊन ती किल्ली रद्द करा. मग प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आपल्या प्रदेशाची एसटीएस खिडकी लिहिली आहे ना, ते तपासा. दोन्ही मिळून एका दुपारचं काम आहे आणि एसटीएस वापरायला वेगळे पैसे पडत नाहीत.